हरत्या संघाचे बखरकार

न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेला लाँग आयलंडवर रॉकव्हिल सेंटर नावाचं गाव आहे. १९४९ च्या उन्हाळ्यात तिथल्या एका घरात सहा वर्षांची मुलगी दुपारभर वही-पेन्सिल घेऊन रेडिओसमोर बसायची. ब्रुकलिन डॉजर्सचा बेसबॉलचा सामना चालू असायचा आणि बँक तपासनीस असलेले तिचे वडील कामावर असायचे. बेसबॉलमध्ये प्रत्येक खेळीची नोंद ठेवण्याची एक ठरलेली पद्धत आहे. प्रत्येक क्षेत्ररक्षकाला एक आकडा असतो आणि बाद होण्याच्या प्रत्येक प्रकाराला एक खूण. वडिलांनी लेकीला ही पद्धत शिकवली होती. संध्याकाळी ते घरी आले की ती वही उघडायची आणि अख्खा सामना त्यांना सांगायची. सुरुवातीला उत्साहाच्या भरात ती निकालच आधी सांगून टाकायची. मग तिच्या लक्षात आलं की पहिल्या डावापासून क्रमाने सांगत गेलं आणि शेवट राखून ठेवला, तर बाबा अधिक रंगून ऐकतात. हा सगळा तपशील दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात छापून येतो, हे त्यांनी तिला कळूच दिलं नाही. आपण सांगितलं नाही तर बाबांना सामना कळणारच नाही, अशीच तिची समजूत होती.

ती मुलगी म्हणजे डोरिस कर्न्स गुडविन. पुढे तिने लिंकन, रूझवेल्ट, जॉन्सन या राष्ट्राध्यक्षांवर लिहिलं, पुलित्झर पारितोषिक मिळवलं आणि अमेरिकेतल्या सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या इतिहासकारांत तिची गणना झाली. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या 'वेट टिल नेक्स्ट इयर' या आठवणींच्या पुस्तकात तिने स्वच्छ सांगितलं आहे, की इतिहास कसा सांगायचा हे आपण त्या वहीवर शिकलो.

तिचा तो पहिला संघही हरण्यासाठीच प्रसिद्ध होता. १९४१, १९४७, १९४९, १९५२ आणि १९५३ अशा पाच वेळा डॉजर्स अंतिम लढतीला पोचले आणि पाचही वेळा न्यूयॉर्क यांकीजनी त्यांना हरवलं. १९५५ साली एकदाचे जिंकले, आणि १९५७ चा हंगाम संपल्यावर मालकाने संघ उचलून लॉस एंजेलिसला नेला. गुडविनने बेसबॉलकडे पाठ फिरवली. पण साठच्या दशकात ती हार्वर्डला शिकायला गेली, कुणाच्या तरी सोबत बोस्टनच्या फेनवे पार्क मैदानावर जाऊन बसली आणि पुन्हा प्रेमात पडली. यावेळचा संघ होता बोस्टन रेड सॉक्स. १९१८ नंतर ज्याने विजेतेपद पाहिलं नव्हतं आणि जो ते २००४ पर्यंत पाहणार नव्हता, असा.

या शहाऐंशी वर्षांत रेड सॉक्सवर जेवढं आणि जेवढं चांगलं लिहिलं गेलं, तेवढं क्वचितच एखाद्या संघाच्या वाट्याला आलं असेल. लिहिणारे बहुतेक सगळे आधी चाहते होते आणि मग कादंबरीकार, प्राध्यापक, पत्रकार. त्यांच्या लिखाणात दोन प्रवाह दिसतात. एकाने साऱ्या पराभवांचं कारण एका शापात शोधलं. दुसऱ्याने प्रत्येक पराभवाची, ज्याची त्याची, नावानिशी नोंद ठेवली. या दुसऱ्या प्रवाहाचं प्रेम मला जास्त खरं वाटतं, आणि ते का, हे या संघाच्या इतिहासातच दिसतं.

विकलेला बेब

रेड सॉक्सची सुरुवात भरभराटीची होती. १९०३ साली पहिली वर्ल्ड सिरीज झाली ती बोस्टननेच जिंकली. दोन लीगच्या विजेत्यांमधली ही अंतिम मालिका. आज ती सात सामन्यांची असते आणि चार जिंकेल तो विजेता. १९१२ ते १९१८ या सात हंगामांत बोस्टनने ती आणखी चार वेळा जिंकली. फेनवे पार्कवरचा पहिला अधिकृत सामना २० एप्रिल १९१२ चा. टायटॅनिक बुडून जेमतेम पाच दिवस झाले होते, त्यामुळे शहरातल्या वर्तमानपत्रांत मैदानाला फार जागा मिळाली नाही. रेड सॉक्स आजही तिथेच खेळतात. डाव्या बाजूला रस्ता अगदी जवळ असल्यामुळे मैदान तिकडे तोकडं आहे आणि ती कसर भरून काढायला ३७ फूट उंच हिरवी भिंत उभी आहे. तिच्या पोटात माणसं बसलेली असतात आणि धावफलकावरच्या आकड्यांच्या पाट्या अजूनही हाताने बदलतात.

१९१४ साली या संघात एकोणीस वर्षांचा एक डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, आला, बेब रूथ. पिचर म्हणून तो उत्तम होताच, पण हाती बॅट आली की चेंडू मैदानाबाहेर भिरकावून द्यायचा. १९१९ च्या हंगामात त्याने २९ होमरन मारून विक्रम केला. त्याच वर्षी तो पगार दुप्पट करून मागत होता, शिस्त मानत नव्हता, आणि संघ मात्र गुणतक्त्यात खाली घसरला होता. मालक हॅरी फ्रेझी हा न्यूयॉर्कचा नाट्यनिर्माता. लीगचे अध्यक्ष बॅन जॉन्सन यांच्याशी त्याचं उघड वैर होतं. डिसेंबर १९१९ मध्ये त्याने रूथला एक लाख डॉलरना यांकीजना विकलं. यांकीजच्या मालकाने शिवाय तीन लाख डॉलरचं कर्ज दिलं आणि त्यासाठी फेनवे पार्क गहाण पडलं. ५ जानेवारी १९२० ला ही बातमी जाहीर झाली.

यांकीजनी तोवर एकदाही वर्ल्ड सिरीज जिंकली नव्हती. १९२३ साली त्यांनी पहिली जिंकली आणि शतक संपेपर्यंत त्यांची संख्या २६ झाली. रेड सॉक्सच्या खात्यावर शून्य. १९२२ ते १९३२ या अकरा हंगामांपैकी नऊ वेळा तर ते शेवटच्या स्थानावर होते.

यातून पुढे 'बॅम्बिनोचा शाप' ही कथा तयार झाली. बॅम्बिनो हे रूथचं लाडकं टोपणनाव. त्याला विकल्यामुळे संघाला शाप लागला, असं ती कथा सांगते. ही कथा फार जुनी मानली जाते, पण ती घराघरांत पोचली १९९० साली, 'बोस्टन ग्लोब'चे क्रीडापत्रकार डॅन शॉनेसी यांच्या पुस्तकामुळे. १९८६ च्या पराभवानंतर वर्तमानपत्रांत तिची चाहूल लागली होती. त्याआधी पासष्ट-सत्तर वर्षं लोक हरत होते, चिडत होते, मालकांना नावं ठेवत होते, पण शापाची भाषा बोलत नव्हते. 'नो, नो, नॅनेट' या संगीत नाटकाच्या खर्चासाठी फ्रेझीने रूथला विकलं, असंही सांगितलं जाई. ते नाटक ब्रॉडवेवर आलं १९२५ साली, म्हणजे रूथ जाऊन पाच वर्षं उलटल्यावर. २००० साली ग्लेन स्टाउट आणि रिचर्ड जॉन्सन यांनी 'रेड सॉक्स सेंच्युरी' या इतिहासग्रंथात हा सगळा व्यवहार लीगमधल्या भांडणांच्या संदर्भात नीट मांडला आणि फ्रेझीभोवतीच्या बऱ्याच दंतकथा दूर केल्या.

शापाची कथा लोकांना आवडली, कारण ती दुःखाला आकार देते. एकच खलनायक, एकच चूक आणि तिची शिक्षा पिढ्यानपिढ्या. पण या आकारात एक मोठी गोष्ट झाकली गेली.

ज्यांना बोलावणं आलंच नाही

१९३३ साली टॉम यॉकी या धनाढ्य तरुणाने रेड सॉक्स विकत घेतला. पैसा ओतला, मैदान दुरुस्त केलं, मोठमोठे खेळाडू आणले. १९३९ साली संघात टेड विल्यम्स आला आणि बोस्टनला रूथनंतरचा सर्वांत मोठा बॅटर मिळाला. विजेतेपद आता दूर नाही असं वाटण्याचे ते दिवस होते.

त्या काळात व्यावसायिक बेसबॉलच्या मुख्य लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश नव्हता. बोस्टनचे नगरसेवक इझाडोर मचनिक यांनी आपल्या शहरापुरता हा अडसर हलवून पाहिला. रविवारी सामने भरवण्यासाठी नगर परिषदेची परवानगी लागे. कृष्णवर्णीय खेळाडूंना संधी दिली नाही, तर या परवानगीला आपण विरोध करू, असं त्यांनी बजावलं. 'पिट्सबर्ग कुरियर'चे कृष्णवर्णीय क्रीडापत्रकार वेंडेल स्मिथ तीन खेळाडूंना घेऊन बोस्टनला आले आणि १६ एप्रिल १९४५ ला फेनवे पार्कवर त्यांची चाचणी झाली. त्या तिघांत एक होता जॅकी रॉबिन्सन. त्या दिवशी त्याने हिरव्या भिंतीवर चेंडूमागून चेंडू आदळवले. चाचणी संपली, नावं-पत्ते लिहून घेतले गेले, पुढे कुणाचंच बोलावणं आलं नाही.

दोन वर्षांनी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि अमेरिकेच्या इतिहासाला वळण मिळालं. त्याच चाचणीतला सॅम जेथ्रो बोस्टनच्याच दुसऱ्या संघात, ब्रेव्ह्जमध्ये गेला आणि १९५० साली लीगमधला सर्वोत्तम नवोदित ठरला. विली मेज हा पुढे सर्वकालीन थोर ठरलेला खेळाडूही रेड सॉक्सने पाहून सोडून दिला. रेड सॉक्समध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू आला २१ जुलै १९५९ रोजी, पम्प्सी ग्रीन. तेव्हाच्या सोळा संघांत हा शेवटचा संघ. तोवर रॉबिन्सन खेळून निवृत्तही झाला होता.

आता याच वर्षांतले पराभव पाहा. १९४६ साली वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना सेंट लुई कार्डिनल्सने ४-३ असा जिंकला. १९४८ साली हंगामाअखेर क्लीव्हलँडशी बरोबरी झाली आणि एका सामन्याच्या निर्णायक लढतीत बोस्टन हरलं. १९४९ साली यांकीजविरुद्धच्या शेवटच्या दोन सामन्यांतला एक जिंकला असता तरी पुरे होतं, दोन्ही गेले. तीनदा हा संघ उंबरठ्यावरून परत आला, आणि तिन्ही वेळा त्याच्यात एका चांगल्या खेळाडूची कमतरता होती. तो खेळाडू फेनवे पार्कवर येऊन गेला होता. बोस्टनमध्येच जन्मलेले कृष्णवर्णीय पत्रकार हॉवर्ड ब्रायंट यांनी २००२ साली 'शट आउट' या पुस्तकात या साऱ्या इतिहासाची उलटतपासणी केली. शापाने झाकलेलं कारण त्यांनी उजेडात आणून मांडलं. रेड सॉक्सवर झालेल्या लिखाणात मला हे पुस्तक फार मोलाचं वाटतं. आपलं मैदान, आपला संघ म्हणून ज्याच्याकडे पाहिलं, त्याने आपल्यासारख्या माणसांना दारातून परत पाठवलं होतं, हे लिहिण्यासाठी प्रेम आणि धैर्य दोन्ही लागतं.

एक बुधवार, आणि तिकीट काढून बसलेला लेखक

पम्प्सी ग्रीन आल्यावर वर्षभराने, २८ सप्टेंबर १९६० च्या बुधवारी, फेनवे पार्कवर टेड विल्यम्सचा शेवटचा घरचा सामना होता. विल्यम्सने १९४१ साली ०.४०६ ची सरासरी राखली होती. म्हणजे दर हजार संधींमागे चारशे सहा यशस्वी फटके. त्यानंतर आजवर वर्ल्ड सिरीजच्या दोन लीगमध्ये एका हंगामात कुणी चारशेचा आकडा गाठलेला नाही. त्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी सकाळी त्याची सरासरी ०.३९९५५ होती. ती ०.४०० धरली गेली असती. बाकावर बसून राहिला असता तरी चाललं असतं. तो त्या दिवशीचे दोन्ही सामने खेळला आणि आठ संधींत सहा फटके मारले. दुसरं महायुद्ध आणि कोरियाचं युद्ध अशा दोन्ही वेळी कारकीर्द थांबवून तो सैन्यात गेला. त्याचं बोस्टनच्या पत्रकारांशी आणि प्रेक्षकांशी मात्र कधी जमलं नाही. कारकिर्दीच्या सुरुवातीलाच त्याने टोपी काढून प्रेक्षकांना अभिवादन करणं सोडून दिलं होतं.

त्या बुधवारी आकाश ढगाळ होतं, हवा बोचरी. संघ सातव्या स्थानावर रखडलेला. प्रेक्षक होते १०,४५४, म्हणजे दोन तृतीयांशांहून अधिक मैदान रिकामं. त्या प्रेक्षकांत अठ्ठावीस वर्षांचे कादंबरीकार जॉन अपडाइक तिकीट काढून बसले होते. आठव्या डावात विल्यम्सने होमरन मारला. कारकिर्दीतला ५२१ वा आणि शेवटचा. मान खाली घालून, नेहमीच्या घाईने त्याने चारही बेस ओलांडले आणि तो आत गेला. लोक ओरडत राहिले, सहकारी आणि पंचही त्याला बाहेर ये म्हणत राहिले. तो आला नाही, टोपीही काढली नाही.

अपडाइकनी यावर लिहिलेला दीर्घ लेख 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकाच्या २२ ऑक्टोबर १९६० च्या अंकात छापून आला. अमेरिकेतल्या क्रीडालेखनाचा हा मानदंड समजला जातो. त्याआधी खेळावर लिहायचं ते वार्ताहरांनी, त्यांच्या कक्षात बसून, अशी रीत होती. अपडाइकनी सामान्य प्रेक्षकाच्या खुर्चीवरून, आजूबाजूच्या माणसांची बोलणी टिपत, आकडेवारी आणि भक्तिभाव एकत्र विणत लिहिलं. संघ सातवा होता, सामन्याला गुणतक्त्यात काडीची किंमत नव्हती, आणि तरीही तो दिवस जपण्याजोगा आहे, असं त्यांनी दाखवून दिलं. पुढच्या चाहते-लेखकांना या लेखाने वाट मोकळी करून दिली.

ऑक्टोबर

१९६६ साली रेड सॉक्स दहा संघांत नववे होते. १९६७ च्या पहिल्या घरच्या सामन्याला जेमतेम आठ हजार लोक आले. आणि त्याच वर्षी कार्ल यास्त्रझेम्स्कीच्या बॅटच्या जोरावर संघ थेट वर्ल्ड सिरीजला पोचला आणि सातव्या सामन्यात सेंट लुईच्या बॉब गिब्सनपुढे हरला. बोस्टन ज्या न्यू इंग्लंड प्रदेशात आहे, त्याच्या सहाही राज्यांत हा संघ घरोघरचा झाला तो तेव्हापासून. बेसबॉलचा हंगाम एप्रिल ते सप्टेंबर, १६२ सामन्यांचा. जवळपास रोज सामना. रेडिओ स्वयंपाकघरात, गॅरेजमध्ये, मासेमारीच्या होडीवर चालू. इतक्या रोजच्या सहवासानंतर ऑक्टोबरमध्ये जे होतं ते घरातल्या माणसाचं होतं.

१९७५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये सिनसिनाटीविरुद्धचा सहावा सामना तीन दिवसांच्या पावसानंतर झाला. बाराव्या डावात, मध्यरात्र उलटून गेल्यावर, कार्ल्टन फिस्कने मारलेला चेंडू डाव्या बाजूच्या सीमेलगत उंच गेला. बेसबॉलमध्ये सीमेच्या खांबाबाहेर गेलेला चेंडू होमरन धरत नाहीत. फिस्क धावायचं सोडून उड्या मारत दोन्ही हातांनी चेंडूला आत ये, आत ये म्हणून ढकलत होता. चेंडू खांबावर आपटला आणि होमरन ठरला. बोस्टन ७-६ ने जिंकलं. दुसऱ्या दिवशी सातवा सामना ४-३ ने हरलं.

'न्यूयॉर्कर'चे कथासाहित्य-संपादक रॉजर एंजेल १९६२ पासून बेसबॉलवर लिहीत होते. त्या सामन्यावरच्या लेखात मैदानाचं वर्णन करता करता ते मैदानाबाहेर पडले. न्यू इंग्लंडमधल्या लहान-लहान गावांत, अंधाऱ्या घरांत, रात्री रस्त्याने जाणाऱ्या मोटारींत या क्षणी कोणकोण आनंदाने ओरडत असेल, याचं त्यांनी चित्र रेखाटलं. मग त्यांनी विचारलं, की एका अनोळखी संघासाठी जीव टाकणाऱ्या या प्रौढ माणसांना हसायचं का? त्यांचं उत्तर 'नाही' असं होतं. जिवापाड काळजी करण्याची ताकद आपल्या आयुष्यातून आटत चालली आहे; ती जिथे कुठे शिल्लक असेल तिथे तिचा मान राखावा, असं त्यांचं म्हणणं. एंजेल २०२२ साली, वयाच्या एकशे एकाव्या वर्षी गेले.

१९७५ च्या त्या सामन्यानंतर दोन वर्षांनी येल विद्यापीठातले प्राध्यापक बार्ट जियामाटी यांनी माजी विद्यार्थ्यांच्या मासिकात एक छोटा निबंध लिहिला. दान्ते आणि स्पेन्सर हे त्यांचे अभ्यासविषय, आणि रेड सॉक्स हा वडिलांकडून मिळालेला वारसा. २ ऑक्टोबर १९७७ ला, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, बोस्टन बाल्टिमोरकडून हरलं. त्या पावसाळी रविवारी रेडिओ ऐकत बसलेल्या माणसाचं मन त्यांनी या निबंधात लिहिलं. उन्हाळा टिकेल असं आपल्याला दरवर्षी वाटतं आणि दरवर्षी तो संपतो, एवढाच त्याचा विषय. जियामाटी पुढे येलचे अध्यक्ष झाले, १९८९ साली सगळ्या बेसबॉलचे आयुक्त झाले आणि पाच महिन्यांतच हृदयविकाराने गेले. वय एक्कावन्न.

त्यांच्या निबंधातल्या त्या रविवाराला बरोबर एक वर्ष झालं, २ ऑक्टोबर १९७८, आणि अधिक कठोर दिवस उजाडला. जुलैमध्ये बोस्टन यांकीजच्या १४ सामने पुढे होतं. सप्टेंबरमध्ये यांकीजनी फेनवेवर येऊन सलग चार सामने जिंकले. चारांत मिळून धावा ४२ विरुद्ध ९. तरी बोस्टनने शेवटचे आठही सामने जिंकून बरोबरी गाठली आणि निर्णायक सामना फेनवेवरच झाला. सातव्या डावापर्यंत आघाडी होती. मग बकी डेंटने, ज्याच्या नावावर त्या हंगामात फक्त चार होमरन होते, हिरव्या भिंतीवरून चेंडू पलीकडे टाकला. यांकीज ५-४ ने जिंकले. शेवटचा बाद झाला तो यास्त्रझेम्स्की.

एका माणसावर टाकलेलं ओझं

२५ ऑक्टोबर १९८६ ची रात्र. न्यूयॉर्कमध्ये मेट्सविरुद्ध वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना; बोस्टन मालिकेत ३-२ ने पुढे. दहाव्या डावात ५-३ अशी आघाडी, समोरचे दोघे बाद, बेसवर कुणीही नाही. विजयासाठी फक्त एक बाद हवा होता. बोस्टनच्या खोलीत शँपेनच्या बाटल्या आल्या होत्या आणि उडणाऱ्या फेसाने कपाटं भिजू नयेत म्हणून प्लास्टिक टांगलं होतं. मग मेट्सचे ओळीने तीन फटके बसले आणि फरक एका धावेवर आला. नव्या पिचरचा चेंडू कॅचरला चुकवून मागे गेला, ५-५. आणि नंतर मूकी विल्सनने मारलेला घरंगळता चेंडू पहिल्या बेसवरच्या बिल बकनरच्या दोन पायांमधून गेला. मेट्स जिंकले. खोलीतलं प्लास्टिक घाईघाईने काढावं लागलं. दोन दिवसांनी, २७ ऑक्टोबरला, सातव्या सामन्यात ३-० च्या आघाडीनंतर बोस्टन ८-५ ने हरलं.

पुढची अनेक वर्षं लोकांनी या सगळ्याचं नाव 'बकनर' ठेवलं. नोंदवही मात्र वेगळं सांगते. त्याच्याकडे चेंडू आला तेव्हा बरोबरी आधीच झालेली होती. घोटे दुखावलेल्या बकनरच्या जागी आघाडी असताना शेवटच्या डावात दुसरा क्षेत्ररक्षक उतरवण्याची पद्धत होती. त्या रात्री ते व्यवस्थापकाने केलं नाही. आणि सातवा सामना उरलाच होता. बावीस हंगाम खेळून २,७१५ फटके नावावर असलेल्या माणसाला एका चेंडूपायी धमक्या आल्या, लेकराबाळांसमोर टोमणे ऐकावे लागले. तो कुटुंब घेऊन दूर आयडाहोला राहायला गेला.

याआधी हेच बोस्टनच्या जॉनी पेस्कीच्या वाट्याला आलं होतं. १९४६ च्या त्या सातव्या सामन्यात मध्येच चेंडू हातात धरून तो क्षणभर थबकला आणि तेवढ्यात सेंट लुईचा इनोस स्लॉटर पहिल्या बेसपासून धावत घरी, म्हणजे शेवटच्या बेसवर, पोचला, अशी कथा झाली. चित्रफितीत तो थबकल्याचं ठामपणे म्हणता येत नाही. पेस्कीने कुणाकडे बोट दाखवलं नाही, दोष आपल्यावर घेतला आणि उरलेल्या आयुष्यातला बराचसा काळ याच संघात खेळाडू, व्यवस्थापक, समालोचक, प्रशिक्षक म्हणून काढला.

शापाच्या कथेची अडचण इथे कळते. ती एकीकडे मालकांना आणि व्यवस्थापकांना मोकळं सोडते, दुसरीकडे एखाद्या पेस्कीला, एखाद्या बकनरला शापाचं हत्यार बनवून टाकते. प्रत्येक खेळी लिहून ठेवणाऱ्या चाहत्याला असं करता येत नाही, कारण त्याच्या वहीत प्रत्येकाचा वाटा वेगळा लिहिलेला असतो.

२००४

१६ ऑक्टोबर २००३ ला लीगच्या विजेतेपदाच्या मालिकेत यांकीजविरुद्ध सातव्या सामन्यात आठव्या डावात ५-२ ने पुढे असताना थकलेल्या पेड्रो मार्टिनेझला पिचिंग करत राहू दिलं गेलं. बरोबरी झाली आणि अकराव्या डावात एरन बूनच्या होमरनने बोस्टन घरी गेलं. पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला दोन कादंबरीकारांनी ठरवलं, की या वर्षीचा प्रत्येक सामना पाहायचा आणि लिहायचा. एक मेन राज्यातले स्टीफन किंग, दुसरे स्ट्युअर्ट ओनान. ओनान सरावाच्या वेळी लांब दांड्याचं जाळं घेऊन यायचे आणि हिरव्या भिंतीवरच्या जागेतून चेंडू झेलायचे. दोघांनी रोजनिशी लिहिली, एकमेकांना पत्रं लिहिली. आपण आणखी एका पराभवाची कहाणी लिहीत आहोत, असं मानायला त्यांच्याजवळ शहाऐंशी वर्षांचा पुरावा होता.

ऑक्टोबरमध्ये लीगच्या विजेतेपदाच्या मालिकेत पुन्हा यांकीज समोर आले आणि त्यांनी पहिले तीन सामने जिंकले. तिसरा तर १९-८ असा. ०-३ वरून मालिका जिंकलेला एकही संघ तोवर मुख्य लीगच्या इतिहासात नव्हता. चौथ्या सामन्यात नवव्या डावात बोस्टन एका धावेने मागे होतं आणि समोर त्या काळचा सर्वोत्तम अंतिम पिचर मारियानो रिव्हेरा. डेव्ह रॉबर्ट्सला फक्त धावण्यासाठी पहिल्या बेसवर पाठवलं. तो पळणार, हे मैदानातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. रिव्हेराने तीनदा पहिल्या बेसकडे चेंडू फेकून त्याला मागे सरायला लावलं. पुढच्याच चेंडूवर रॉबर्ट्स सुटला आणि फेकीच्या किंचित आधी दुसऱ्या बेसवर पोचला. बिल म्यूलरच्या फटक्यावर तो घरी आला, बरोबरी झाली, आणि बाराव्या डावात डेव्हिड ऑर्टिझने होमरन मारला. पाचवा सामना चौदा डाव, पाच तास एकोणपन्नास मिनिटं चालला. तोही ऑर्टिझनेच जिंकून दिला. सहाव्यात कर्ट शिलिंग घोट्याला टाके घालून खेळला, मोज्यावर रक्त दिसत होतं. सातवा सामना न्यूयॉर्कमध्ये १०-३ ने जिंकला.

वर्ल्ड सिरीजमध्ये सेंट लुईला सरळ चार सामन्यांत हरवलं. २७ ऑक्टोबर २००४, खग्रास चंद्रग्रहणाची रात्र. १९८६ च्या सातव्या सामन्याची हीच तारीख. पंच्याऐंशी वर्षांचा पेस्की तिथे हजर होता आणि खेळाडू एकेक करून त्याला मिठी मारत होते. पुढच्या काही दिवसांत न्यू इंग्लंडमधल्या दफनभूमींत माणसं वर्तमानपत्रं, टोप्या, लहान झेंडे घेऊन गेली आणि आई-वडिलांच्या, आजोबांच्या थडग्यांवर ठेवून आली. बोस्टनच्या मिरवणुकीला सुमारे तीस लाख लोक जमले. किंग आणि ओनान यांचं 'फेथफुल' हे पुस्तक डिसेंबरमध्ये आलं.

हा विजय कसा आला, हेही तितकंच महत्त्वाचं. व्यवस्थापनाची सूत्रं थिओ एप्स्टीन या फेनवेपासून जवळच ब्रुकलाइनमध्ये वाढलेल्या तरुणाकडे होती. नेमणूक झाली तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याने आकडेवारीचा कसून अभ्यास करून संघ बांधला. आणि जिंकून देणाऱ्यांत ऑर्टिझ, मार्टिनेझ, मॅनी रामिरेझ हे डॉमिनिकन प्रजासत्ताकातले खेळाडू होते, रॉबर्ट्सची आई जपानी आणि वडील कृष्णवर्णीय अमेरिकन होते. टॉम यॉकीच्या सुरुवातीच्या जमान्यात यांतल्या बहुतेकांना फेनवेवर जागा मिळाली नसती. चांगल्या खेळाडूला रंग न पाहता घ्यायचं आणि डोळसपणे संघ उभा करायचा, एवढं केल्यावर 'शाप' उतरला.

विजयानंतरची नोंद

८ एप्रिल २००८ ला बकनर फेनवे पार्कवर हंगामातल्या घरच्या पहिल्या सामन्याचा मानाचा पहिला चेंडू टाकायला आला. सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत राहिलं आणि तो डोळे पुसत होता. लोकांनी क्षमा केली, असं त्या दिवशी लिहिलं गेलं. माझ्या मते क्षमा मागायची होती ती लोकांनी, आणि त्यांनी ती उभं राहून मागितली. बकनर २०१९ साली गेला.

२००४ नंतर रेड सॉक्सने २००७, २०१३ आणि २०१८ ची विजेतेपदंही मिळवली. २०१८ सालीच आणखी एक गोष्ट झाली. मैदानाबाहेरच्या रस्त्याला १९७७ पासून टॉम यॉकीचं नाव होतं. सध्याचे मालक जॉन हेन्री यांनी त्या इतिहासाचं ओझं मान्य करून नाव बदलण्याची मागणी केली आणि शहराने रस्त्याला त्याचं जुनं नाव, जर्सी स्ट्रीट, परत दिलं. याला विरोध करणारे चाहतेही होते. यॉकी कुटुंबाच्या प्रतिष्ठानाने शहरात केलेलं दानधर्माचं काम त्यांनी पुढे केलं, आणि ते काम खोटं नव्हतं. पण पम्प्सी ग्रीनच्या आधीची चौदा वर्षंही खोटी नव्हती.

२००४ नंतर जन्मलेल्या बोस्टनच्या मुलांनी आपला संघ जिंकतानाही पाहिला आहे. त्यांना आजोबांकडून बकी डेंटची, बकनरची गोष्ट मिळते. तिच्यासोबत १६ एप्रिल १९४५ चीही मिळायला हवी. ज्यांनी पराभवाच्या काळात एकेक खेळी लिहून ठेवली, त्यांनी या दोन्ही गोष्टी जपल्या आहेत. संघावर प्रेम करण्यासाठी त्याला निर्दोष मानावं लागत नाही, हे त्यांच्या लिखाणातून शिकावं, आणि जिंकणाऱ्या संघाबद्दलही तेवढ्याच खरेपणाने लिहावं.